गोचीड, लस आणि चादरीचा पुठ्ठा

मोहोळ तालुक्यात माझ्या मामांचा गोठा आहे. सहा संकरित गाई, दोन पंढरपुरी म्हशी. एका पावसाळ्यात त्यांची गाभण जायला आलेली कालवड गोचीड तापानं गेली. अंगात १०६ अंश ताप, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी फुगलेली, डोळ्यांच्या आतल्या कडा पांढऱ्याफटक. आठवड्यात खेळ संपला.

मी भेटायला गेलो तेव्हा मामा दुःखापेक्षा रागात होते. "अरे, लसी सगळ्या टोचल्या हुत्या की! खुरीची टोचली, घटसर्पाची टोचली, लंपीची टोचली. मग ह्यो ताप आला कुठनं? आन् खुरीची दर सहा महिन्याला टोचायची, घटसर्पाची दर पावसाळ्याआधी. तुला गोवराची बारकेपणी टोचली, ती अजून चालतीया. जनावरांच्या लसीत पाणी घालत्यात का काय?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता येतं. लस बहुधा एकाच रोगाचं कुलूप असते आणि त्या तिन्हींपैकी एकही गोचीड तापाची नव्हती. दुसरा प्रश्न मात्र खरा आहे, आणि मला वाटतं, शिकल्यासवरल्या माणसालाही तो पडतो. एक लस जन्मभर पुरते, दुसरी सहा महिन्यांत संपते, हे कसं काय? गोचिडामुळे होणाऱ्या रोगांकडे पाहिलं की याचं उत्तर जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे क्वचितच दिसतं.

गोचीड म्हणजे डास नव्हे

डास येतो, चावतो, उडतो. गोचीड मुक्कामाला येतो. कानाच्या आत, कासेजवळ, शेपटीच्या मुळाशी जागा धरतो आणि कित्येक दिवस रक्त पीत राहतो. इतके दिवस चिकटून राहायचं तर जनावराला कळता कामा नये. म्हणून त्याच्या लाळेत सगळी सोय असते: जागा बधिर करणारे पदार्थ, रक्त गोठू न देणारे पदार्थ आणि शरीराच्या पहारेकऱ्यांना गुंगीत ठेवणारे पदार्थसुद्धा. घरफोडी करणाऱ्यानं आधी कुत्र्याला भाकरी टाकावी, तसं.

याच लाळेतून रोगाचे जंतू आत जातात, पण सगळे सारख्या वेगानं जात नाहीत. आपल्याकडच्या गोचीड तापाचा जंतू, थायलेरिया, गोचिडाच्या लाळग्रंथीत अर्धवट अवस्थेत झोपलेला असतो. गोचीड चिकटून रक्त प्यायला लागला की मग तो तयार होऊ लागतो, आणि त्याला साधारण दोन ते चार दिवस लागतात. विषाणूंचं तसं नाही. काही विषाणू चावल्यानंतर काही मिनिटांतच अंगात उतरतात. हे वेळापत्रक ध्यानात ठेवा. लस टिकते की नाही, याचा निम्मा निकाल तिथेच लागतो.

पुठ्ठा, माग आणि चादर

सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या कुणालाही जकार्ड, म्हणजे मागावर नक्षी उतरवणारं यंत्र, माहीत असतो. चादरीवर मोर हवा असेल तर तो आधी चौकटीच्या कागदावर काढतात. मग तीच नक्षी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर भोकं पाडून उतरवतात. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. पट्ट्या दोऱ्यानं गुंफून जकार्डवर चढवल्या की मोर विणला जातो. ऑर्डर संपली की पट्ट्या उतरवून माळ्यावर टाकायच्या. दहा वर्षांनी तोच मोर कुणी मागितला तर नव्यानं चित्र काढत बसावं लागत नाही.

शरीराची रोगाविषयीची आठवण बरीचशी अशीच चालते. लस म्हणजे नमुन्याचा तुकडा: मारलेला जंतू, अशक्त केलेला जंतू किंवा त्याचं एखादं प्रथिन. टोचल्या जागेवरचे पहारेकरी तो तुकडा उचलून जवळच्या गाठीत नेतात. काखेत, मानेत, जांघेत असतात त्याच गाठी. तिथे लाखो प्रकारच्या पांढऱ्या पेशी असतात, प्रत्येकीचा आकार थोडा वेगळा. ज्या मोजक्या पेशींना हा तुकडा बसतो, त्या वाढू लागतात आणि प्रतिपिंडं तयार करतात. जंतूला नेमकं चिकटणारं प्रथिन म्हणजे प्रतिपिंड. ही झाली चादर.

आता चादर विरते. माणसाच्या रक्तातल्या नेहमीच्या प्रतिपिंडांचा साठा नवी भर पडली नाही तर साधारण तीन आठवड्यांत निम्मा होतो. म्हणजे नुसत्या चादरीवर विसंबलं तर वर्षाच्या आत कपाट रिकामं. टिकाऊपणा येतो तो दुसऱ्या दोन गोष्टींतून.

एक, काही पेशी हाडांच्या आतल्या मज्जेत जाऊन बसतात आणि कुणी ऑर्डर दिली नाही तरी वर्षानुवर्षं तीच प्रतिपिंडं विणत राहतात. हे न थांबणारे माग. दोन, काही पेशी काहीच न विणता गप्प राहतात. त्या स्मृतिपेशी. हा माळ्यावरचा पुठ्ठा. जंतू पुन्हा दिसला की त्या जाग्या होतात आणि पहिल्या वेळी जिथे दोन आठवडे लागले होते तिथे काही दिवसांत नवी चादर उतरते.

"लस टिकते" असं आपण म्हणतो तेव्हा यांतलं नेमकं काय टिकतं, हे विचारायला हवं. पुठ्ठा बहुतेक वेळा टिकतो. माग किती चालू राहतात, हे लसीगणिक बदलतं.

दोन डोसांत अंतर कशाला?

कारण पहिला पुठ्ठा कच्चा असतो. गाठीत त्या पेशी वाढताना आपल्या नक्षीत बारीकसारीक चुका करत जातात आणि ज्यांची चूक नेमकी उपयोगी पडते, म्हणजे जंतूला आणखी घट्ट बसते, त्याच पुढे टिकतात. बाकीच्या मरतात. नमुना विणून बघायचा, मोराची मान वाकडी आली तर पट्टी बदलायची, परत विणायचं. हे काम आठवडे-महिने चालतं. दुसरा डोस घाईनं दिला तर सुधारायला वेळच मिळत नाही. अंतरानं दिला तर तो सुधारलेल्या पेशींनाच हाक मारतो, आणि मज्जेत बसायला जातात त्यांत पक्क्या नक्षीवाल्या जास्त असतात.

मारलेल्या जंतूची लस असेल तर हे आणखी महत्त्वाचं. मेलेला जंतू वाढत नाही, लवकर साफ होतो, गाठीला शिकायला फार वेळ देत नाही. म्हणून अशा लसींना दोन-तीन डोस लागतात आणि सोबत शरीराला डिवचणारं काहीतरी, बहुतेकदा ॲल्युमिनियमचा क्षार, घालावं लागतं. गोवराची लस जिवंत, पण अशक्त विषाणूची आहे. तो विषाणू अंगात थोडा वाढतो, रेंगाळतो. खुरीची, म्हणजे लाळ्या-खुरकुताची लस मारलेल्या विषाणूची. शिवाय त्या विषाणूचे प्रकार अनेक. मामांच्या प्रश्नाचा एक तुकडा इथेच सुटला.

पुठ्ठा असताना परत का टोचायचं?

आता वेळापत्रकाकडे येऊ. पुठ्ठा माळ्यावर आहे, पण चादर विणायला चार-पाच दिवस लागणार. थंडी तेवढा वेळ थांबणार आहे का?

युरोपात गोचिडामुळे होणारा एक मेंदूज्वर आहे. त्याची लस मारलेल्या विषाणूची. पहिले दोन डोस एक ते तीन महिन्यांच्या अंतरानं, तिसरा त्यानंतर पाच ते बारा महिन्यांनी, मग तीन वर्षांनी बूस्टर आणि पुढे साधारण दर पाच वर्षांनी. ऑस्ट्रियानं १९८१ मध्ये ती सगळ्या लोकांना द्यायची मोहीम सुरू केली आणि तिथे हा आजार फार खाली आला. हा रोग चावल्यानंतर बहुधा एक-दोन आठवड्यांनी डोकं वर काढतो. म्हणजे पुठ्ठ्यावरून विणायला थोडी सवड आहे, आणि तरीही रक्तात तयार चादर ठेवायला बूस्टर देतात, कारण विषाणू मेंदूत एकदा शिरला की मग कितीही चादरी विणा.

आपल्याजवळची गोष्ट वेगळी आहे. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला. आधी पीतज्वराची शंका होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं, गोचिडामार्फत पसरणारा हा नवाच विषाणू शोधून काढला. लोक त्याला माकडताप म्हणतात. २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गातही त्याची साथ आली. सोलापूरच्या उघड्या माळरानावर हा रोग नाही, त्याला जंगल लागतं. पण काजूच्या बागेत कामाला जाणाऱ्यानं हे नाव ऐकून ठेवावं.

माकडतापाचीही मारलेल्या विषाणूची लस होती. महिन्याच्या अंतरानं दोन डोस, सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर, मग पाच वर्षं दरवर्षी एक. २००५ ते २०१० या काळातल्या कर्नाटकातल्या नोंदी तपासल्या तेव्हा दोन डोसांनी सुमारे ६२ टक्के आणि बूस्टर धरून सुमारे ८३ टक्के संरक्षण दिसलं. ऐकायला बरं वाटतं, पण ते झपाट्यानं उतरायचं, आणि जंगलाच्या कडेच्या शेतमजुरानं दरवर्षी रोजगार बुडवून रांगेत उभं राहायचं म्हणजे काय, ते आकड्यांत दिसत नाही. पुढे कर्नाटकानं ती लस थांबवली. नवी बनवायचं काम सुरू आहे. हा ताप चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत चढतो. पुठ्ठा शोधून, झटकून, मागावर चढवेपर्यंत आग लागलेली असते. इथे माग सतत चालू असलेच पाहिजेत.

आणि याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेत सापडतं. तिथे गोचिडामुळे लाइम नावाचा सांधे धरणारा रोग होतो. त्याची लस १९९८ मध्ये आली, तिन्ही डोस घेतलेल्यांमध्ये सुमारे ७६ टक्के परिणामकारक होती, आणि २००२ मध्ये कंपनीनं खप नाही म्हणून काढून घेतली. सांधेदुखी होते अशी ओरड झाली होती, तपासात तसा पुरावा सापडला नाही. पण मला भावते ती तिची युक्ती. ती माणसाच्या अंगात नव्हे, गोचिडाच्या पोटात काम करायची! लस घेतलेल्याचं रक्त गोचीड पितो, रक्तासोबत प्रतिपिंडं त्याच्या पोटात जातात आणि जंतूला तिथेच गाठतात. लसीनं ओळखलेलं प्रथिन जंतू गोचिडाच्या पोटात असतानाच अंगावर घालतो. माणसाच्या अंगात शिरेपर्यंत त्यानं सदरा बदललेला असतो.

याचा अर्थ असा की पुठ्ठा इथे जवळपास कुचकामी. चकमक आपल्या शरीराबाहेर होते, स्मृतिपेशींना कुणी हाक मारायलाच येत नाही. चावण्याच्या दिवशी रक्तात चादर असेल तर ठीक, नसेल तर नाही.

शेजाऱ्याचा पुठ्ठा चालेल का?

कधी चालतो. २०२२ मध्ये लंपी पसरली तेव्हा महाराष्ट्रात गाईंना शेळ्यांच्या देवीची लस टोचली. दोन्ही विषाणू इतके जवळचे भाऊ की एकाची नक्षी दुसऱ्याला बसते.

पण नातं आहे म्हणून चालेलच असं नाही. माकडताप नवा होता तेव्हा त्याच्याच घराण्यातल्या रशियन मेंदूज्वराची तयार लस आपल्याकडे वापरून पाहिली. संरक्षण मिळालं नाही. लांबून एकसारखे वाटणारे दोन मोर, पण भोकं वेगळ्या जागी.

गोचीड तापाची लस वेगळ्या जातीची का?

थायलेरिया फार धूर्त. तो गाईच्या पांढऱ्या पेशीतच शिरतो, म्हणजे चोर पोलीस चौकीत शिरून आतून कडी लावतो. वर त्या पेशीला बेसुमार वाढायला लावतो. प्रत्येक नव्या पेशीत त्याचाही वाटा. खांद्यापुढची गाठ फुगते ती यामुळे. नंतर तो लाल पेशींत उतरतो आणि जनावर पांढरं पडतं.

प्रतिपिंडं रक्तात फिरतात, बंद पेशीच्या आत जाऊ शकत नाहीत. म्हणून इथे चादर फारशी उपयोगाची नाही. इथे लागतात त्या मारेकरी पेशी. प्रत्येक पेशी आपल्या आत काय चाललंय त्याचे तुकडे सतत बाहेरच्या बाजूला दाखवत असते. दारावरच्या दोरीवर परका कपडा वाळत दिसला की मारेकरी पेशी ते घर चोरासकट पाडते. त्यांचीही आठवण टिकते, पण त्यांना शिकवायचं तर नमुना पेशीच्या आतून दाखवावा लागतो. मेलेला जंतू हे काम नीट करत नाही.

म्हणून भारतात गोचीड तापाची लस जिवंत आहे. जंतू असलेल्या पेशी प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवत नेल्या की जंतू रोग घडवण्याची ताकद गमावतो. तुरुंगातल्या पैलवानासारखा, चेहरा तोच पण दंडात जोर नाही. तोच टोचतात. दोन महिन्यांवरच्या संकरित वासरांना एकदा. जिवंत पेशी असल्यामुळे ती द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर ठेवावी लागते. कृत्रिम रेतनवाला ज्या टाकीतून कांडी काढतो, तशीच टाकी. घटसर्पाच्या लसीसारखी थर्मासमध्ये बर्फ घालून ती गावोगाव फिरवता येत नाही. ती गोठ्यापर्यंत कमी पोचते त्यामागे शेतकऱ्याच्या अज्ञानापेक्षा ही टाकी जास्त असावी, असं माझं मत आहे.

"आजार होऊन गेला तर आपोआपच ताकद येती की"

हे मामांचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. वाचलेल्या जनावरात चांगली प्रतिकारशक्ती येते. पण "वाचलेल्या" या शब्दात कालवड बसत नाही. शिवाय वाचलेलं जनावर जंतू अंगात बाळगून राहतं आणि नव्या गोचिडांना पुरवत राहतं.

"देशी गाईला कुठं काय होतंय?" हेही बरोबर. थायलेरिया या भागात जुना आहे, आणि देशी जनावरांत तो बहुधा सौम्य राहतो. दुधासाठी आणलेलं होल्स्टिन-जर्सीचं रक्त या जंतूला नवं आहे. खिलार बैलाच्या अंगावर तेच गोचीड दिसतात म्हणून संकरित गाय सुरक्षित ठरत नाही. उलट बैलावरचा गोचीड उद्या गाईवर जाऊ शकतो, कारण थायलेरिया पसरवणारा आपल्याकडचा गोचीड वाढीच्या टप्प्यांत यजमान बदलतो.

"जिवंत लस टोचायची म्हणजे रोगच टोचायचा की!" भीती रास्त आहे, म्हणूनच ती कुणाला, कधी द्यायची हे पशुवैद्यानं ठरवायचं. गाभण आणि आजारी जनावराबद्दल त्यांना विचारल्याशिवाय नाही. आणि लस दिली त्याच दिवसांत "असू दे, सोबत तेही" म्हणून गोचीड तापाचं औषध देऊ नये. ते लसीतल्या जंतूलाही मारेल आणि शिकवणी अर्ध्यावर सुटेल.

गोचिडावरच लस का नाही काढत?

काढली आहे. क्यूबामध्ये १९९३ ला आणि ऑस्ट्रेलियात १९९४ ला अशी लस बाजारात आली. गोचिडाच्या आतड्यातलं एक प्रथिन गाईला टोचतात. गाय प्रतिपिंडं करते, गोचीड रक्तासोबत ती पितो आणि त्याचंच आतडं फाटतं. एका विशिष्ट जातीच्या गोचिडावर ती चांगली चालते, दुसऱ्यांवर तितकी नाही.

इथेही तोच पेच. गोचिडाचं आतडं गाईच्या शरीराला कधी दिसतच नाही. दिसते ती फक्त लाळ. म्हणजे हजार गोचीड चावले तरी पुठ्ठ्याला हाक जात नाही आणि साठा उतरत जातो. परत परत टोचावं लागतं.

मग लाळेवरच लस केली तर प्रत्येक चावा हाच बूस्टर होईल, नाही का? २०२१ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी कोविडच्या काळात ओळखीच्या झालेल्या एमआरएनए पद्धतीनं गोचिडाच्या लाळेतल्या १९ प्रथिनांची लस गिनीपिगना दिली. गोचीड चिकटला की ती जागा लाल व्हायची आणि गोचीड लवकर गळून पडायचे. लाइमचा जंतू उतरायला दीड-दोन दिवस लागतात, त्याआधीच पाहुणा बाहेर. थायलेरियालाही दोन ते चार दिवस लागतात हे आठवलं की तोंडाला पाणी सुटतं. पण गिनीपिग म्हणजे गाय नव्हे, आणि तो गोचीडही आपला नव्हे.

हे सगळं मी मामांना अंगणात बसून सांगत होतो. ते ऐकता ऐकता गाईच्या कानातला एकेक गोचीड उपटून अंगठ्याच्या नखावर चिरडत होते. मी त्यांचा हात धरला. २०११ मध्ये गुजरातेत क्रिमियन-काँगो ताप माणसांना झाला होता. तो विषाणू गोचिडातून येतो आणि नुसत्या हातानं गोचीड चिरडूनही अंगात जाऊ शकतो. त्यावर आपल्याकडे माणसाला टोचायची कुठलीही लस नाही.

"मग काय करू?" मामा म्हणाले.

चिमट्यानं कातडीलगत धरायचा, सरळ ओढायचा, साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाकायचा. हातात पिशवी घालायची. मामांनी आत हाक मारली, "अगं, ती दुधाची रिकामी पिशवी आण गं इकडं."